टांगेवाल्यानं शिकवलेली सायकल

सकाळी लेकीनं जर्मनीहून फोटो पाठवला. वारेनडोर्फ गावातला जुना दगडी चौक, तिथं घोडे आणि सायकलीच सायकली. सोबत लिहिलं होतं, "आई, इथं सगळे सायकलनंच फिरतात. मी काल पडले. आता भीती वाटते."

मला आमच्या आंजी गावची पांदण, ती शेतांमधली वाट आठवली. अकरावीसाठी वर्ध्याला जायचं म्हणून मी सायकल शिकत होते. बाबा टांगेवाले, जन्मात सायकलवर न बसलेले. तरी माझी सीट धरून मागं धावत होते. त्यांच्या सदऱ्याला घोड्याचा वास यायचा. उतारावर मी ब्रेक विसरले, घोडा थांबवायला ते ओरडायचे तशीच "होऽ होऽ" ओरडले आणि थेट तुरीत घुसले.

घोड्याच्या पायावरून फिरवावा तसा बाबांनी चाकावरून हात फिरवला. "काई झालं नाई. लगेच बस. पडल्यावर चढलं नाई, तं भेव अंगात बसते."

गावात सायकली वाढल्या तशा त्यांच्या सवाऱ्या तुटत चालल्या होत्या. तरी माझ्या सायकलीमागं तेच धावत होते. तेव्हा मला फक्त माझा फुटलेला गुडघा दिसला होता.

लेकीला मी बाबांचंच बोलणं लिहून पाठवलं. दुपारी खरचटलेल्या गुडघ्याचा फोटो आला. खाली दोनच शब्द होते, "परत बसले."