गिसोपचा मिडवूफर

प्यो गिसोप सोल शहरात बस चालवायचा. एक दिवस गाडी, एक दिवस सुट्टी. सुट्टीच्या दिवशी तो आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात हजर. त्याची बायको म्हणायची, "ह्यांची दुसरी नोकरी तिकडेच आहे, बिनपगारी." त्या बाजारात मी स्पीकरची खोकी कापून देतो. एक्क्याण्णव साली त्याने माझ्याकडून बर्चच्या प्लायवूडची दोन खोकी करून घेतली आणि पुढच्या फळ्यांना फक्त ट्वीटरची, म्हणजे वरच्या छोट्या स्पीकरची, भोकं पाडायला सांगितली. खालचं मोठं भोक नको म्हणाला. तिथला मोठा स्पीकर, मिडवूफर, कुठला बसवायचा ते ठरलं नव्हतं, आणि पुढची तीन वर्षं ते काही ठरलं नाही. बायको त्या खोक्यांवर लाल मिरच्या वाळत घालायची.

"अरे, लोक बायकोसुद्धा इतकी बघून करत नाहीत," मी एकदा त्याला चिडवलं.

"बायको आईने बघितली, मिनशेठ. नोकरी मामाने लावली. बस कुठून न्यायची ते डेपो सांगतो. एवढी एक गोष्ट मला माझ्या कानांनी निवडू द्या."

तो हसत बोलला, पण थट्टेत नव्हता. असल्या खोक्यात ट्वीटर नुसती वरची चमक सांभाळतो. गाणाऱ्याचा गळा, तारा, ढोल, सगळा भार मिडवूफरवर. तो चुकला तर दोघांत आवाज वाटून देणाऱ्या क्रॉसओव्हरमध्ये तारेची कितीही कॉइल गुंडाळा, गाणारा नाकात गातो तो गातोच. गिसोप हे जाणून होता, म्हणून घाबरत होता.

त्याचा सगळा विश्वास योम दोक्सूवर. योमचं दुकान माझ्या समोरच. वयाने मोठा, बाजारातला जाणकार, प्रत्येक स्पीकरचा आलेख कागदावर काढून दाखवणारा. गिसोप त्याला दादा म्हणायचा आणि सणाला बायकोच्या हातच्या किमचीचा, कोबीच्या लोणच्याचा, डबा नेऊन द्यायचा. डब्याचं झाकण मात्र योम कधी परत करायचा नाही. माणूस ओळखायला मला तेवढं पुरेसं होतं, पण माझं ऐकतो कोण!

चौऱ्याण्णवच्या वसंतात योमकडे नॉर्वेच्या मिडवूफरची एक जोडी आली. साडेसहा इंची, रुपेरी धातूचा पडदा. त्याने ती कामचलाऊ खोक्यात लावून वाजवली. रेकॉर्डवर एक म्हातारी बाई ढोलाच्या साथीवर गात होती. गिसोप उठून स्पीकरजवळ गेला आणि उभाच राहिला. ती श्वास घ्यायची तेव्हा ह्याची छाती वर यायची.

"दादा, हाच."

"वेडा आहेस का?" योमने आलेखाचा कागद पुढे केला. "हे शिखर बघ. धातूचा पडदा, वरती भांड्यासारखा वाजतो. हे दाबायचं म्हणजे क्रॉसओव्हरमध्ये वर्ष घालवावं लागेल. तू बसवाला माणूस, हा कागदी पडद्याचा घे. गरीब गाय आहे, कसाही जोड."

"पण दादा, मला ऐकू आलं ना."

"तुला काय ऐकू येतं! वीस वर्षं इंजिनाशेजारी बसतोस."

हे ऐकल्यावर गिसोप तिथून निघून गेला. पुढल्या सुट्टीला तो पुन्हा विचारायला आला, तर योम म्हणाला, जोडी बुसानच्या गिऱ्हाइकाला विकली. मग गिसोपने कागदी पडद्याचे घेतले आणि मी त्याच्या फळ्यांना भोकं पाडली. फळी हातात धरून तो म्हणाला, "चला, झालं एकदाचं." त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

ऑगस्टमध्ये योम माझ्याकडे दोन फळ्या घेऊन आला आणि भोकाचं माप सांगितलं. एकशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर. आमच्या धंद्यात माप म्हणजे नाव. त्या नॉर्वेच्या जोडीशिवाय त्या मापाचा मिडवूफर बाजारात दुसरा कुठलाच नव्हता.

"बुसानचं काम वाटतं?" मी विचारलं.

"तू भोकं पाड," तो म्हणाला.

मी पाडली. आणि गिसोप दर सुट्टीला माझ्या फळकुटावर बसून कॉफी पीत असताना मूग गिळून बसलो.

दर शरद ऋतूत आमच्याकडे हातबनावटीच्या स्पीकरची बैठक भरते. काळ्या पडद्याआड खोकी वाजतात, समोर नंबर टाकलेले भाताचे वाडगे असतात, आणि जो आवाज पटेल त्या वाडग्यात आपली पांढरी सोंगटी टाकायची. गिसोपची जोडी पहिली होती. लोकांनी मान डोलावली, शेजाऱ्याची विचारपूस करतात तशी. तिसऱ्या नंबरला तीच म्हातारी गायला लागली. गिसोपचं तोंड उघडं राहिलं. गाणं संपायच्या आत तो उठला आणि सगळ्यांदेखत तिसऱ्या वाडग्यात सोंगटी टाकून आला. "कोण असेल तो, त्याच्या पाया पडायला हवं," तो माझ्या कानात म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

तिसरा नंबर एका सोंगटीने जिंकला. पडदा सरकला. रुपेरी जोडी, आणि शेजारी योम वाकून सगळ्यांना नमस्कार करत होता.

गिसोप सावकाश पुढे गेला. "दादा, बुसानला विकली होतीत ना?"

योम ओशाळला, पण क्षणभरच. "तुला जमलं नसतं रे. चांगली वस्तू वाया गेली असती."

"नसतं जमलं. माझ्या घरात बसून मला कळलं असतं, नाही जमलं म्हणून. तुम्ही माझे कान वाईट ठरवलेत, दादा. सहा महिने मी बायकोलासुद्धा विचारतो आहे, मला नीट ऐकू येतं का गं?"

केसाने गळा कापला तो असा. मला योमचा एवढा संताप आला की बाहेर जिन्यात गिसोपजवळ मी त्याला नाही नाही ते बोललो. गिसोप शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मिनशेठ, त्याच्या फळ्या कुणी कापल्या?"

"मी."

"माप कळलं होतं?"

"कळलं होतं. उगाच भांडणात कशाला पडायचं म्हणून..."

त्याने मान हलवली आणि जिना उतरून गेला.

हिवाळा सरला तसा तो योमच्या दुकानात पुन्हा जायला लागला. दोघं आलेखावर डोकी घालून भांडतात, मला इथून दिसतं. माझ्या दुकानाकडे तो बघतही नाही. शेवटी न राहवून मी त्याला बस थांब्यावर गाठलं. म्हटलं, "फसवलं त्याने, आणि राग माझ्यावर?"

"त्याला तो मिडवूफर हवा होता," गिसोप म्हणाला. "माझ्याइतकाच हवा होता, ते मला समजतं. तुम्हाला काय हवं होतं, मिनशेठ?"