न पुरलेलं काळीज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी काही गप्प बसणाऱ्यांतली नाही. राहू गावात विचारा, वरवंडच्या बाजारात विचारा, शिरूर तालुक्यात केंदूरला विचारा. माईक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेत जातो. प्यायच्या पाण्यावरून भांडले, दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून भांडले. पत्रकं लिहिली. ज्याची त्याची बिंगं फोडली. एक सोडून.

त्या एकापाशी यायला मला जरा वेळ लागणार आहे. थांबाल ना? आधी वहिनीचं सांगते. ती आज जिवंत आहे, चालती-बोलती आहे, आणि त्यासाठी मी ज्यांची ऋणी आहे त्यांना मागं ठेवून स्वतःचं रडगाणं आधी गायला मला लाज वाटते.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आमची बागाईत, मेथी-कोथिंबिरीची. वहिनी वाफ्यात बसून जुड्या बांधते आणि बांधता बांधता कवळी पानं तोंडात टाकते. तिची जुनी सवय. मागं तिची उजवी कूस जड पडायला लागली. आम्ही म्हटलं, पित्त असेल. ओवा खा, सोडा पी. शेवटी पुण्याला नेलं तर लिव्हरमध्ये पाण्यानं भरलेला फोड निघाला. केवढा? लहान नारळाएवढा!

तिथल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी आम्हाला समोर बसवून समजावलं. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक चपटा जंत राहतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात; केसांना, मातीला, पालेभाजीला चिकटतात. ती माणसाच्या पोटात गेली की आतलं पिल्लू आतडं भेदून रक्तातून लिव्हरमध्ये पोचतं. बाईंनी मूठ वळली. ही मूठ म्हणजे जंत, म्हणाल्या. मग दुसरा पंजा तिच्याभोवती घट्ट धरला. हा पंजा म्हणजे आपलं शरीर. शरीर झोपलेलं नसतं. पांढऱ्या पेशी धावत येतात, वेढा घालतात, पुष्कळ पिल्लं तिथंच मारून टाकतात. एखादं वाचतं. ते मरत नाही, हाकलताही येत नाही. मग शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं. जंत आतून आपली वेगळी भिंत घालतो. दोघं एकमेकांना ओळखून, आपापल्या भिंतीआड वर्षंच्या वर्षं काढतात. त्या ओळखीची खूण रक्तात राहते. वहिनीच्या तपासणीत तीच सापडली होती.

शेळ्या-मेंढ्यांच्या, बोकडांच्या काळजात, म्हणजे त्यांच्या लिव्हरमध्ये, हेच चालतं. ते कच्चं काळीज कुत्र्यानं खाल्लं की फेरा पुरा. आणि कुत्र्याला काय होतं? बहुतेकदा काहीच नाही. त्याचं आतडं या पाहुण्याला फारशी हरकत घेत नाही. कुत्रं गुबगुबीत राहतं, शेपूट हलवतं.

खरी भीती पुढं होती. ऑपरेशनात फोड फुटून आतलं पाणी सांडलं, तर इतकी वर्षं ओळख धरून बसलेलं शरीर एकदम उसळतं. अंगभर पित्ताच्या गांधी, घशाला सूज, बीपी तळाला. माणूस टेबलावरच जातो. बाई म्हणाल्या, जंतापेक्षा ती उसळी वाईट.

आणि सांडलं. थोडंसंच, पण सांडलं. आम्हाला हे नंतर कळलं. वहिनीच्या अंगावर गांधी उठल्या, बीपी पडला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सुया आधीच भरून ठेवल्या होत्या. त्या माणसाचं तोंड मी मास्कशिवाय कधी पाहिलं नाही. रस्त्यात भेटले तर ओळखणार नाही. ज्यांना मी ओळखते त्यांना इतक्या शिव्या दिल्या, आणि ज्यांचे पाय धरावेत त्यांचं तोंडच ठाऊक नाही.

पण ऑपरेशनच्या आधीची एक गोष्ट राहिली. तीच तर सांगायची आहे.

बाईंनी विचारलं होतं, घरात कुत्रा होता का? दादा म्हणाला, व्हता की, टिप्या. मेला त्याला बरीच वर्सं झाली. मग त्यांनी विचारलं, त्याला कच्चं काळीज, फुप्फुस कोण घालायचं? दादानं माझ्याकडं पाहिलं. उगीच, काही मनात नसताना. आणि मी पटकन बोलून गेले, "मटण पाडणारे फेकतात, मॅडम. त्यांना कुठं अक्कल असते!"

थापा मारायची मला सवय नव्हती हो. तरी ही किती सहज आली!

आमच्याकडं वाट्याचं मटण असतं. चार-सहा घरं मिळून बोकड आणायचं, रविवारी एखाद्याच्या रानात पाडायचं, ताडपत्रीवर सारखे वाटे घालायचे. पाडायला बबनमामा. नात्यातले नाहीत, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. वाटे घालावेत तर त्यांनीच. हाड, चरबी, काळीज — सगळ्यांना सारखं. कधी एखाद्या काळजावर पांढरे, पाण्याचे फोड निघायचे. तसलं काळीज कुणाच्याच वाट्याला जात नसे. मामा ते पिशवीत घालायचे आणि मला हाक मारायचे. मी तेव्हा शाळेत होते. "पोरी, खोरं घे. लांब जा, खोल पूर. कुत्र्याला चटक लागली तर उद्या जितं करडू धरंल." जंताबिंताचं त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांची काळजी करडाची.

मी खोरं घ्यायची. बांधापलीकडं जायची. टिप्या मागं मागं.

मी पुरलं नाही.

पहिल्यांदा नाही, नंतरही नाही. दर वेळी पिशवी टिप्यापुढं उलटी केली. मग खोऱ्यानं चार ढेकळं इकडची तिकडं केली, खोऱ्याला माती लागलेली दिसावी म्हणून. बघा, खोऱ्याला माती लावायची अक्कल होती. खड्डा काढायचा तेवढा कंटाळा होता. मग टिप्या जिभल्या चाटत वहिनीच्या वाफ्यात जाऊन लोळायचा.

कुणी म्हणेल, कशावरून तुझ्याच टिप्यामुळं? गावात कुत्री का कमी आहेत? बाईही म्हणाल्या होत्या, कुठल्या कुत्र्याचं, कधीचं, हे सांगता येत नाही. बरोबर आहे, सांगता येत नाही. पण बबनमामांमुळं नाही, एवढं मला सांगता येत होतं.

मी काय केलं? पत्रक काढलं. पत्रक कसं लिहायचं हे आम्हाला कार्यकर्त्यांच्या शिबिरात शिकवलेलं. दोषी एकच दाखवा, आणि तो वाचणाऱ्याच्या घरातला नसावा. मी लिहिलं, "सुरी त्यांची, बळी आमचा!" लिहिलं की पाडणारे लोक फोडाची काळजं कुत्र्यांपुढं फेकतात आणि आपल्या आयाबहिणींच्या पोटात मरण पेरतात. नाव घातलं नव्हतं. घालायची गरजच काय? आमच्या शिवारात पाडणारा माणूस एकच. त्या पत्रकातलं बाकी सगळं खरं होतं: हात धुवा, भाजी धुवा, कुत्र्याला जंताची गोळी द्या, खराब काळीज जाळा नाहीतर खोल पुरा. चांगल्या पिठात मीच खडा घातला होता.

त्या पत्रकांच्या घड्या वहिनीनं घातल्या. टाके अजून ओले होते, जड उचलायला बंदी. बसल्या जागी तेवढं काम होतं तिला. एकेक घडी घालत बबनमामांना शिव्या घालत होती. "त्या मुडद्याचं काय बी भलं व्हायचं न्हाई, बघा वन्सं." मी समोर बसले होते. गठ्ठे बांधत होते. सुतळी ताणून गाठ मारत होते.

लोकांनी मामांना बोलवायचं बंद केलं. उतारवयात माणूस शिरूरकडं एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहिला. एकदा वरवंडच्या बाजारात समोरासमोर आलो. माझ्या हातात तीच पत्रकं. त्यांनी एक मागून घेतलं, लांब धरून वाचलं. मग म्हणाले, "झ्याक लिव्हलंय, ताई. खोऱ्याचं तेवढं ऱ्हायलं." आणि कांदे निवडायला लागले.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, कसं, मी विचारलं नाही. एका शब्दानं त्यांनी मला चव्हाट्यावर आणलं असतं. ताई म्हणाले फक्त. आधी पोरी म्हणायचे.

मग एक गंमत झाली. गंमतच म्हणायची. नव्या माणसाला वाटे सारखे घालता येईनात. दर रविवारी भांडणं. याला हाडंच आली, त्याला चरबीच गेली. शेवटी दादाच म्हणाला, काय व्हायचं ते होऊ दे, मामांना आणा. परवाच्या रविवारी मामा सुट्टी टाकून आले. आमच्याच रानात ताडपत्री अंथरली. बोकडाचं काळीज बाहेर काढलं आणि हात थांबला. पांढरे फोड. दोन-तीन जुने, चुन्यासारखे कडक झालेले. एक ताजा, पाण्यानं तट्ट.

वहिनी चुलीपाशी होती. तिथनंच मोठ्यांदा म्हणाली, "बघू आता, पुरत्यात का कुत्र्याला घालत्यात! शिकिवलंय म्हणावं आमच्या वन्संच्या पत्रकानं!" बायका हसल्या. मामांनी ऐकलं. काळीज पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली आणि माझ्यापुढं धरली.

"पोरी, खोरं घे."

एवढंच. इतक्या वर्षांनी, सगळ्यांसमोर, तीच पिशवी पुन्हा माझ्याच हातात. मला काही माफ केलं असं मी म्हणत नाही. तसं ते म्हणाले नाहीत. काम दिलं. त्या कामाबद्दल मला किती बरं वाटलं, ते तुम्हाला कसं सांगू? आणि तिथंच, त्याच क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. सभा गाजवणारी मी, पिशवी घेऊन बांधाकडं चालायला लागले.

खणलं. मांडीएवढं खोल जाईस्तोवर खणलं. हाताला फोड आले. माती लोटली, पायानं दाबली, वर मोठा धोंडा ठेवला.

परत आले तर वहिनी तांब्या घेऊन उभी. माझ्या हातावर पाणी ओतलं, साबण दिला. "नखातली माती काढा नीट, वन्सं," म्हणाली, "तुमच्याच पत्रकात लिव्हलंय."

हे त्याच छापखान्यात देते आहे. गेल्या वेळी जितक्या गावांत वाटलं तितक्याच गावांत वाटणार आहे. या वेळी नावासकट: बबनमामांनी पुरायला सांगितलं होतं, पुरलं नाही ते मी. घड्याही माझ्या मीच घालीन. फक्त पहिला कागद वहिनीच्या हातात देईन, घडी न घालता.