आमच्या खाचरात काय पिकतं

साहेबापुढे शेत वाईट सांगायचं, ही आम्हा महादेव कोळ्यांची पिढीजात हुशारी. पीक चांगलं दिसलं की शेतसारा वाढेल, ही भीती. त्यामुळे धरणाच्या तलावात आमची वाडी जाणार म्हणून मोजणीचे साहेब आले, तेव्हा माझे सासरे हात जोडून म्हणाले, "कुटलं पीक, सायेब? समदा खडक हाय." साहेबांनी तसंच लिहून घेतलं. मामंजी मिशीत हसत घरात आले. मी नवी सून. मलाही वाटलं, साहेबाला चांगलं गुंडाळलं.

फसलो होतो आम्हीच. पौडच्या शाळेतल्या बाई रविवारी डोंगर चढून वाडीवर आल्या, तेव्हा ते कळलं. पिकत्या जमिनीच्या बदल्यात खाली नांद्याकडे जमीन मिळणार होती, खडकाच्या बदल्यात काहीच नाही. चावडीवर तसा कागद लावला होता, तो बाईंनी वाचला होता; वाडीत वाचणारं कोण? बाई आमच्या ना सोयऱ्या ना शेजारी. तरी त्यांनी हरकतीचा अर्ज लिहून दिला, साहेबांना पुन्हा यायला लावलं आणि तोवर दर रविवारी ओट्यावर आमची तालीम घेतली. त्या साहेब व्हायच्या आणि विचारायच्या, "काय पिकतं?" मामंजी तालमीतही म्हणायचे, "काय न्हाई." बाई कपाळाला हात लावून पुन्हा विचारायच्या. मला म्हणाल्या, "तूही शीक. रोज काय खातेस तेवढं सांग."

साहेब आले, त्या दिवशी बाईही आल्या. मामंजींची जीभ काही वळेना. "तसा खडकच हाय," ते पुटपुटले. साहेब कागद गुंडाळायला लागले. सासऱ्यांसमोर परक्या माणसाशी सुनेनं बोलायचं नाही, ही आमच्यातली रीत. बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"भात हाय," मी पदराआडून म्हणाले. "वरच्या अंगाला नाचणी हाय, वरई हाय. त्याच्यावरच आमी जगतुया."

साहेबांनी घरात येऊन धान्याची कणगी उघडून बघितली, मग आधीचं लिहिणं खोडलं. मामंजी माझ्याकडे न बघता खाचराकडे निघून गेले. आता माहेरी धाडतात, असं धरून मी भाकऱ्या थापल्या.

नांद्याकडे जमीन मिळाली. तिथले पहिले तांदूळ घेऊन मामंजी स्वतः पौडला बाईंकडे गेले. आजही ताटात भात वाढताना त्या बाई आठवतात, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षी पीक उभं असताना तलाठी आले. ते साऱ्याचं बघायला आले होते, म्हणून मी आत पळाले. मामंजींनी हाक मारून मला बाहेर बोलावलं.

"शेतात काय हाय ते आमच्या सुनेला इचारा," ते तलाठ्यांना म्हणाले. "मला अजून खरं सांगाया जमत न्हाई."