ते कमळ नव्हतं

"ही कुणी देवी नाही हो. ही रोजावरची बाई आहे."

सर हात जोडून म्हणाले. सत्तरीला आलेले सर, पांढरा झब्बा, सोनेरी काडीचा चष्मा. समोर आठ-दहा पोरं, कपाळाला लांब टिळे, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. सरांच्या मागे, भिंतीवरच्या चित्रात, मी. पाठमोरी, अंगावर सूत नाही. आणि इकडे दाराशीही मीच, चहाचा ट्रे धरून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेली. 

वसई गावातला हॉल होता, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सरांच्या चित्रांचं प्रदर्शन. मला चहापाण्याला बोलावलं होतं. "अगं, तू ये, घरचंच कार्य आहे," असं सर म्हणाले होते.

"चित्र उतरवा, नाहीतर पेटवतो," त्या पोरांचा पुढारी म्हणाला. "कमळावर लक्ष्मी उभी केलीय, आणि तीही नागडी! आम्ही काय हातात बांगड्या भरल्यात?"

"अहो, ते कमळ नाही. खडूच्या रेघा आहेत त्या."

कोण ऐकतंय? पोरं आणखीच तापली. ते कमळ नव्हतं हे मात्र खरं होतं. ते काय होतं, ते मी सांगते. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी गोखिवऱ्याची. तिथल्या चाळीत आमची गल्ली जयंतीला निळी होते, एवढं सांगितलं की बाकीचं तुम्हाला कळतं. नवरा गेला तेव्हा पोरगी पाळण्यात होती. घरात सासू, पोरगी आणि मी. चाळीमागच्या एका गाळ्यात बाटल्यांना झाकणं लावायचं काम करत होते. नव्वद साल सरत आलं तेव्हा तो गाळा बंद पडला. कुणीतरी म्हणालं, वसईत होळी नावाच्या भागात एक मास्तर चित्रं काढतात, झाडलोटीला बाई पाहिजे. गेले. केळीच्या वाड्यांमध्ये कौलारू घर, आत टर्पेंटाइनचा वास. रविवारी मुंबईहून मुलंमुली शिकायला यायची. मी फरशी पुसायची, ब्रश धुवायची, चहा टाकायची.

मुलांना चित्र काढायला समोर उभी राहणारी एक बाई यायची. एका रविवारी ती आलीच नाही. मुलं कागद लावून बसलेली. सरांनी मला आडोशाला बोलावलं. "अगं, आजच्या दिवस तू राहशील का उभी? तोंड काढणार नाही. माझा शब्द."

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा धुतलेलाच ब्रश परत धुवायला घेतला.

का हो म्हणालीस, असं आता बाया मला विचारतात. दप्तर मागणारी पोरगी, आजारी सासू, बंद गाळा. अजून काय सांगू, बाई?

त्या दिवशी मी जी घाबरले, ती वर्षानुवर्षं घाबरतच राहिले. हे लोकांना खरं वाटत नाही. सवय होते म्हणतात. कपडे काढायची सवय झाली मला, पण भीतीची नाही झाली. वाऱ्याने केळीचं पान फाटलं तरी वाटायचं, कुणीतरी आलं. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. एका कोपऱ्याचा कागद निघाला होता, तेवढ्या भोकाकडे माझे डोळे. घरी सांगितलं होतं, झाडलोट करते. सासू म्हणायची, "मास्तर देवमानूस हाय." मी मान खाली घालून भाकरी थापायची.

कामाचा एक नियम होता. उभं राहिलं की पायांभोवती खडूने रेघ मारायची, म्हणजे सुट्टीनंतर परत त्याच जागी उभं राहता येतं. रेघ आपली आपणच मारायची, कारण उभ्या असलेल्या बाईला कुणी हात लावायचा नाही. त्या एका नियमावर मी तिथं टिकले. चर्चची बाराची घंटा झाली की सुट्टी. चादर गुंडाळायची, चहा प्यायचा, परत रेघेत पाय. पण उभं राहून पाय सुजतात. टाच इकडं, बोटं तिकडं, पहिली रेघ काही जुळत नाही. मग दुसरी रेघ मारायची. पुढच्या रविवारी तिसरी. रेघांवर रेघा चढत गेल्या, पाकळ्यांसारख्या. सरांना ते फार आवडलं. त्यांनी ते तसंच चित्रात घेतलं, पांढरं आणि कडेला जरासं गुलाबी.

ते कमळ नव्हतं. ते माझे सुजलेले पाय होते.

काही रविवारी सर भिंतीवर यंत्रातून चित्रं दाखवायचे. मी चादरीत, मागे स्टुलावर. परदेशातल्या दगडी देव्या. पलंगावर आडवी गोरी बाई, पायाशी मांजर. आपल्या लेण्यांतल्या, दागिने घातलेल्या आणि दुसरं काही न घातलेल्या बाया. "न्यूडला हजारो वर्षांचा इतिहास आहे," सर म्हणायचे. "न्यूड वेगळं, नागडं वेगळं. नागडेपणात लाज असते. न्यूडमध्ये नसते." मी मागे चादर घट्ट धरून बसलेली. मला लाज होती. म्हणजे मी कोण? नागडी?

एकदा सर हसत हसत सांगत होते, "आपल्याकडे पूर्वी घरंदाज बाई कोण उभी राहणार? मग मजुरीवरच्या आणायच्या, बाजारातल्या आणायच्या. आणि चित्रात आल्या की झाल्या देवी!"

मुलं हसली. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, त्या पलंगावरच्या बाईचं नाव काय होतं?"

सर मागे वळले. स्टुलावरून आवाज येईल असं त्यांना वाटलंच नसावं. "नाव? असेल कुणीतरी मॉडेल," म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं.

कुणीतरी. हजारो वर्षांचा इतिहास, भिंतीभर बाया, आणि सगळ्या कुणीतरी. सर मलाही 'अगं' म्हणायचे. इतक्या वर्षांत नाव विचारलं नव्हतं. मला त्याचं बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू? नाव नाही, तोंड नाही, म्हणजे मी सापडणार नाही. उंदीर बिळात बसतो तशी मी त्यात बसले होते.

तर त्या दिवशी, हॉलमध्ये.

"ही रोजावरची बाई आहे," सर म्हणाले. पुढारी म्हणाला, "पुरावा काय?"

तेवढ्यात मला त्या पोरांत टपरीवाला दिसला. आमच्या चाळीच्या तोंडाशी त्याची पानाची टपरी. रोज सकाळी "काय वहिनी, निघालात?" म्हणणारा.  मी ट्रे छातीशी ओढला. सर माझ्याकडे वळायला लागले आणि मी मान हलवली. नको. सर, नको. तुमचा शब्द आहे.

"अगं, ये पुढे," सर म्हणाले. मग पोरांना म्हणाले, "हीच ती. विचारा हिलाच."

सगळी तोंडं माझ्याकडे. मग चित्राकडे. मग परत माझ्याकडे. अंगावर साडी असून मी तिथं उभ्या उभ्या उघडी झाले. वर्गात मुलं बघायची तेव्हा कागदाकडे जास्त आणि माझ्याकडे कमी बघायची. ही पोरं तशी बघत नव्हती. टपरीवाल्याने बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून 'वहिनी' पुसून गेलं. मला पोरगी आठवली. दहावीत होती. शाळेतून येताना त्याच टपरीवरून यायची.

"आडनाव काय?" पुढाऱ्याने विचारलं. मला नाही, सरांना.

सरांना माझं नाव माहीत नव्हतं. आडनाव माहीत होतं, ते पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. त्यांनी सांगितलं. वर म्हणाले, "आता तुम्हीच समजा. आपल्यातली कुणी घरंदाज बाई नाही ही."

पुढारी हसला. खरंच हसला. "मग आधी नाही का सांगायचं, सर? उगाच डोकं तापवलंत." रॉकेलचा डबा खाली ठेवला गेला. कुणाच्याच भावना आता दुखत नव्हत्या. देवी नागडी चालत नव्हती. मी चालत होते.

"चहा दे गं सगळ्यांना," सर म्हणाले.

मी ट्रे पुढे केला. एकानेही कप उचलला नाही. जातीमुळे की अंगामुळे, देव जाणे.

मग त्यातलाच एक दात काढून म्हणाला, "पण पाय जुळतो का बघू की, सर." बाकीचे खिदळले. वाटलं, सर आता तरी चिडतील. सरांनी झब्ब्याच्या खिशातून खडू काढला. पाहुण्यांना खूश करायचं होतं त्यांना. खाली वाकले आणि माझा घोटा धरला.

"हलू नकोस," म्हणाले.

त्यांचा हात गार होता. इतक्या रविवारांत कुणी बोट लावलं नव्हतं. आणि आता, अंगभर साडीत, चारचौघांत, माझा पाय त्यांच्या मुठीत. म्हणजे नियम माझ्यासाठी नव्हताच. तो चित्रासाठी होता.

मी पाय ओढून घेतला. ट्रे पडला. चहा पांढऱ्या झब्ब्यावर.

"हात लावू नका!"

आवाज शेळीसारखा निघाला. मी काही शूरबिर नव्हते हो.  पण पाय ओढला तो ओढला.

"खडू द्या इकडं," मी म्हटलं.

सरांनी दिला. बहुतेक घाबरून दिला. मी चित्राकडे गेले. खाली पुठ्ठ्याची चिठ्ठी होती: 'अनामिका', आणि त्याखाली सरांचं नाव. पिस्ता रंगाच्या त्या भिंतीवर, चिठ्ठीच्या शेजारी, मी माझं नाव लिहिलं. माझं, नवऱ्याचं, आणि ज्याला ते हसले ते आडनाव. पहिलीतल्या पोराने लिहावं तशी अक्षरं आली. पण वाचता येत होती.

"आता हे काय नवीन?" पुढारी म्हणाला.

"देवीला नाव असतं. मलाही आहे. पेटवायचं असेल तर आता वाचून पेटवा."

पेटवलं नाही कुणी.  टपरीवाला पहिला बाहेर पडला. मागोमाग बाकीचे, डबा घेऊन. सर झब्बा झटकत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"अगं, भिंत खराब केलीस," एवढंच म्हणाले.

त्यांच्या घराची पायरी मी परत चढले नाही.

गोखिवऱ्याला पोचेपर्यंत टपरीवाल्याची मोटरसायकल माझ्या आधी पोचली होती. नळावरच्या बायांनी मला बघून हंडे उचलले. सासू उंबऱ्यात बसलेली.

"खरं हाय का गं?"

"खरं आहे."

"पोरीचं लगीन कोन करल आता?" म्हातारी तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. पोरगी आत भिंतीला टेकून उभी. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पुढे कितीतरी दिवस बघितलं नाही. टपरीवरची पोरं तिला काय काय बोलायची, ते तिने मला सांगितलं नाही. मला कळायचं. आत आली की चप्पल भिरकावून द्यायची आणि पाय घासघासून धुवायची.

एकदा पाय धुतानाच तिने विचारलं, "आई, ते चित्र तुझंच होतं?"

"माझंच."

"मग खाली नाव कुणाचं?"

"सरांचं."

"का?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग होता. कुणावरचा, हे मी विचारलं नाही.

भीती गेली का? नाही गेली. टपरीपाशी आजही मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेते. तरी जाते तिथूनच, लांबचा रस्ता घेत नाही. काम सोडलं नाही. दुसऱ्या एका चित्रकलेच्या वर्गात उभी राहते. पहिल्या दिवशी तिथल्या मास्तरांनी खडू पुढे केला आणि म्हणाले, "अगं, इथं उभी राहा."

मी म्हटलं, "आधी फळ्यावर नाव लिहा. माझं. आडनावासकट."

मुलं थांबलेली. मी चादर सोडली नाही.

आजही सोडत नाही. नाव लिहून होईपर्यंत नाही.