खिडकीवरून नेलेला पाइप

माझ्या वडिलांचं अख्खं आयुष्य मिठागरात गेलं. पेणच्या खाडीकडे आमचं गाव. भरतीचं पाणी बांधातल्या दारातून आत घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवत न्यायचं, हे बाबांचं काम. पंप नाही, मोटर नाही, सगळा खेळ उताराचा. कुठे चार बोटं उतार हवा आणि कुठे दोन पुरे, हे ते चिखलात उभे राहून नुसत्या तळपायाने सांगायचे. मी मात्र शिकलो, रोह्याला केमिकल कंपनीत पाइप फिटर झालो. आणि खोटं कशाला बोलू, पाइपातलं आपल्याएवढं आपल्या खानदानात कोणाला कळत नाही, असा माझा ठाम समज होता.

मग बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी त्यांना रोह्याला घरी आणलं. महिन्या-दोन महिन्यांत काठी धरून, पाय ओढत का होईना, ते चालायला लागले, पण उजवा हात काही उठेना. डाव्या हाताने तांब्या डोक्यावर ओतायला गेले की पाणी खांद्यामागे सांडायचं. त्यामुळे रोज सकाळी आंघोळ मी घालायचो. मी साबण लावताना ते डोळे मिटून घ्यायचे. भर उन्हात मिठाच्या राशी ओढणारा माणूस अंग चोरून पाटावर बसलेला बघून माझा जीव तुटायचा. पुढे पुढे तर, आज नको, अंगात कणकण आहे, असं सुरू झालं. एकदा ओळीने चार दिवस आंघोळ नाही. मी चिडलो, तेव्हा बायको म्हणाली की त्यांना पाण्याचा कंटाळा नाही, तुमची लाज वाटते.

ते वाक्य मला लागलं. मी ठरवलं, बाबांना शॉवर बसवून द्यायचा. खाली खुर्ची, बाजूला धरायला कठडा आणि डाव्या हाताशी कॉक. म्हणजे कोणाची गरजच नाही. रजा टाकली आणि सगळं स्वतः केलं. गच्चीवरच्या टाकीपासून मागच्या भिंतीवर बाहेरून पाइप नेताना खिडकी आडवी आली, तर तिच्यावरून चढवला आणि पलीकडे उतरवला. लांबून बघितलं आणि स्वतःच्याच कामावर खूश झालो.

पहिल्या दिवशी पाणी बरं पडलं. दुसऱ्या दिवशी कॉक फिरवला तर शॉवरमधून करंगळीएवढी धार. मी शॉवर खोलून भोक न भोक टाचणीने साफ केलं. कॉक बदलला. गच्चीवर जाऊन टाकीचं तोंड तपासलं. थोडा वेळ बरं चालायचं, की परत येरे माझ्या मागल्या. आठवडा गेला. बाबा खुर्चीवर बसायचे, वर बघायचे, आणि मग मान खाली घालून मला हाक मारायचे. शेवटी मी जाहीर करून टाकलं की प्रेशरचा पंप आणतो.

त्या दुपारी बाबांनी मला मागच्या अंगणात खुर्ची टाकायला लावली. बसले पाइपाकडे बघत. बराच वेळ झाल्यावर म्हणाले की पाणी वर नेलंस तिथे अडतंय. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी बोलून गेलो, "बाबा, हे मिठागर नाय. मी रोज हेच काम करतो."

ते रागावले नाहीत. आत कॉक उघडा ठेव, एवढंच म्हणाले. मग मला स्टुलावर चढवून खिडकीच्या अलीकडे पाइपाला हात लावायला सांगितलं. भिंतीवर सगळीकडे सारखंच ऊन, तरी पाइप गार होता. मग खिडकीच्या वर, पाइपाच्या खालच्या अंगाने. तिथेही गार. मग तिथेच वरच्या अंगाने हात लावला आणि चटका बसला.

"तिथं वारं बसलंय," बाबा म्हणाले. "टाकी रिकामी झाली की शिरतं नि उंचावर जाऊन बसतं. पान्याला सरळ उतार दे, त्याला ढकलाया लागत नाय."

कंपनीत आमची सवय काय, तर रस्ता आडवा आला की लाइन त्याच्यावरून न्यायची. मागे दांडगा पंप असतो, तो ढकलतो. तीच सवय मी घरी आणली होती, जिथे ढकलायला कोणी नव्हतं. पाइपाला हातही न लावता, खुर्चीत बसून या माणसाने ते ओळखलं होतं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. अशा बापाला मी ‘हे मिठागर नाय’ म्हणून सुनावलं होतं!

दुसऱ्या दिवशी पाइप कापून खिडकीच्या खालून नेला. बाबा अंगणात बसून बोटं दाखवत होते. इथे दोन बोटं खाली, अजून थोडा, बास. दोरीने मोजायचं मी सुचवलंदेखील नाही. संध्याकाळी कॉक उघडला तर सबंध खुर्ची भिजली.

बाबा आत गेले आणि मला म्हणाले, "दार ओढून घे."

मी बाहेर उभा राहिलो. आत कठड्यावर हात आपटल्याचा आवाज झाला तेव्हा मी दाराला हात घातला होता. बायकोने मानेनेच नको म्हटलं. पाणी पडत राहिलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग कॉक बंद झाला.

टॉवेल कसाबसा गुंडाळून, काठी टेकत बाबा बाहेर आले. ताठ मानेने. कानामागे आणि उजव्या खांद्यावर साबणाचा फेस तसाच राहिला होता. बायको पुसायला पुढे झाली, मी तिचा हात धरला. बाबा आमच्यासमोरून चालत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पंखा लावला.