आधी सुई, मग फुंकर

भोरच्या त्या मशिदीबाहेर संध्याकाळच्या नमाजनंतर बाया किरकिरी पोरं घेऊन उभ्या राहायच्या. मौलाना बाहेर येऊन दुआ पुटपुटत एकेकावर फुंकर घालायचे. मी नर्स. शुक्रवारी लसीची पेटी घेऊन पायरीशी बसायचे, तेही त्यांच्याच सांगण्यावरून. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. पोराचं कार्ड अगदी नाकाशी धरून वाचायचे आणि गोवराची लस राहिली असली की माझ्याकडे बोट दाखवायचे.

"आधी सुई, मग फुंकर."

बाया कुरकुरायच्या, पण ऐकायच्या. आमच्या पोस्टरांना कुणी विचारत नव्हतं.

एकीनं मात्र ऐकलं नाही. आधीच्या सुईनं पोरीला ताप आला होता, म्हणून ती तशीच मागं फिरली. महिन्याभरात पोर गोवरानं गेली.

पुढच्या शुक्रवारी मौलाना कार्ड न बघताच फुंकर घालत होते.

"मौलाना, कार्ड बघा की," मी जरा चिडूनच म्हटलं.

"पोर तापानं फणफणली, तरी तिची आई माझ्याकडं आली न्हाई, बाई," ते म्हणाले. "तिला वाटलं, मी पुन्हा परत पाठवीन. आली असती तर दवाखान्यात ने, एवढं तरी सांगितलं असतं म्या."

फुंकर घेतलेली पोरं माझ्यासमोरून घरी गेली. त्या संध्याकाळी पेटी मी भरलेलीच परत नेली.