चमन ढोलवाला आणि फुटकी किटली

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत चमन ढोलवाला राहायचा. त्याचे वडील अल्लाउद्दीन पत्र्याचे डबे आणि बादल्या बनवायचे. घरात जन्मल्यापासून हातोडीचा ठणठणाट, त्यामुळे हळू वाजवणं म्हणजे काय हे चमनला कधी कळलंच नाही. बायको रशिदा त्याला दारसुद्धा वाजवू द्यायची नाही. "नुसती हाक मारा की," म्हणायची, "कडी दोनदा निखळलीया."

हंबीररावांच्या लग्नाच्या बँडमध्ये तो ढोल वाजवायचा. क्लॅरिनेटवाला जीव तोडून फुंकायचा, पण लोकांना ऐकू यायचा तो चमनच. हंबीररावांनी बरीच वर्षं सोसलं. मग १९८४ च्या उन्हाळ्यात, जयसिंगपूरच्या एका वरातीत, चमननं असा काही ठोका दिला की नवरदेवाचं घोडं उधळलं आणि थेट दुसऱ्याच लग्नाच्या मांडवात जाऊन उभं राहिलं. तिथल्या बायकांनी घाईघाईत त्या नवरदेवाला ओवाळलंही. तेवढ्यात त्यांचा स्वतःचा नवरदेव आतून बाहेर आला.

"चमन," हंबीरराव भर रस्त्यात ओरडले, "तुजा ढोल घे आनि घरला जा. पुन्यांदा माज्या बँडकडं फिरकायचं न्हाय!"

चमन वडिलांच्या दुकानात बसू लागला. संध्याकाळ झाली की मात्र ढोल गळ्यात अडकवून रंकाळा तलावाच्या काठी जायचा आणि पाण्याकडं तोंड करून मनसोक्त बडवायचा. एक दिवस तांबड्या दाढीचा एक उंच गोरा माणूस येऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसला. चमन थांबला, तर तो हातानं 'चालू दे, चालू दे' म्हणून खुणावू लागला. चमनला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. त्याला भरून आलं.

गोऱ्यानं नाव सांगितलं केनी. चमनला ते केणी ऐकू आलं.

"केणी? म्हंजे गोव्याकडलं काय, पावणं?"

केणी अमेरिकेचा निघाला. मिरजेला सतार शिकायला आलेला, उस्तादांकडं राहून मोडकीतोडकी हिंदी शिकलेला. तशीच हिंदी चमनचीही होती, त्यामुळे दोघांचं झकास जमलं. केणीनं आपली कहाणी सांगितली. त्याच्या गावात चार मित्रांनी मोटारीच्या शेडमध्ये बँड काढला होता. बँडच्या इंग्रजी नावाचा अर्थ चमननं लावला तो 'फुटकी किटली'. त्यांची गाणी मुद्दाम खरखरीत, सूर जरा तिरपे. मोठ्या रेडिओवर कुणी लावत नसे, कॉलेजातली पोरं आपल्या छोट्या केंद्रावरून वाजवायची. पण त्यांच्या ढोलवाल्यानं लग्न केलं, सासऱ्याच्या विम्याच्या कचेरीत चिकटला आणि बँड बसला.

चमन हळहळला. "आमच्याकडं लग्नावर बँड जगत्यात," तो म्हणाला, "तुमच्याकडं लग्नानं मरत्यात व्हय!"

केणीपाशी विजेवरची गिटार होती. मांडवाला लाऊडस्पीकर पुरवणाऱ्या गुंडूनं हातगाडीवर बॅटरी आणि कर्णा आणून दिला. आठवडाभर रंकाळ्यावर तालीम झाली. केणीनं ती टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. काठावर फिरायला येणारे लोक दुसऱ्या काठाला जाऊ लागले.

मग पेठेच्या तालमीच्या, म्हणजे आखाड्याच्या, फुटबॉल संघाचा अंतिम सामना आला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, ते सांगायला नको. मध्यंतराला पेठ एका गोलानं मागं. गुंडूनं हातगाडी मैदानाच्या कडेला लावली, केणीनं गिटारीची तार ओढली आणि चमननं ढोलावर काठी टाकली. अख्खी पेठ उभी राहिली. खेळ पुन्हा सुरू झाला तसे खेळाडू वारं प्यायल्यासारखे पळू लागले. पेठेनं गोल मारला, लगेच दुसराही मारला. लोकांनी फेटे उडवले.

भानगड एवढीच झाली, की पंच केव्हाचे शिट्टी फुंकत होते. पहिल्या गोलाआधी ऑफसाइड झाला होता. दुसऱ्या वेळी तर त्यांनी सामना थांबवला होता. चमनच्या ढोलापुढं शिट्टी एकालाही ऐकू गेली नव्हती. मैदानात चपला उडाल्या. सामना रद्द झाला. शेवटी दोन्ही संघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं, ते म्हणजे चमनला मैदानात बंदी.

केणी अमेरिकेला परतला. वर्षभरानं कॅसेटचं पार्सल आलं. 'फुटकी किटली' पुन्हा उभी राहिली होती आणि एका गाण्यात रंकाळ्यावरचा ढोल घातला होता. चहाच्या हॉटेलात गुंडूनं कॅसेट लावली.

"ह्यो मी! ह्यो मीच!" चमन नाचायला लागला.

"ते समदं खरं," हॉटेलवाला म्हणाला, "पर गाणारा रडतोय कशापायी?"

"चमन शेजारी वाजवतोय की," गुंडू म्हणाला.

पुढं तो बँड जुन्या गाडीतून गावोगाव हिंडला, तीन वर्षांनी गाणाऱ्याशी भांडण होऊन मोडला. केणीनं तसं कळवलं, तेव्हा चमन दोन दिवस जेवला नाही. दुकानात बादली घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचा अमेरिकेतला बँड गेला." गिऱ्हाइकं काही न समजता हळहळायची.

त्याच हंगामात पेठेचा संघ पुन्हा अंतिम फेरीत आला. बंदी मैदानात होती, भिंतीबाहेर नव्हती. चमन बाहेर गुंडूच्या हातगाडीवर चढला आणि वाजवत राहिला. पंचांनी या खेपेला शिट्टीबरोबर लाल रुमालही आणला होता. पेठ रीतसर जिंकली. सामना संपल्यावर हरलेल्या संघाचा कप्तान घामाघूम होऊन बाहेर आला.

"चमनभाई, फुडल्या वर्षी आमच्याकडनं वाजवशीला काय?"

पेठेची माणसं डोळे वटारून बघत होती. चमननं कपाळाचा घाम पुसला.

"वाजवीन की," तो म्हणाला. "पर आवाज बारीक कर म्हनायचं न्हाय."